खूप अभ्यास करणे आणि पुस्तकातून डोकं वर न काढणारा: सोलापुरी पोरं काय म्हणतात?

कॉलेजात सगळ्यात जास्त चालतं ते 'घासणे'. विषय थेट जोडायचा: 'मॅथ्स घासतोय'. सोलापुरी वळणात तेच 'किती घासायलास बे!' होतं. हा 'बे' बरोबरीच्या मित्रालाच. थोरामोठ्यांना, सरांना चुकूनही नाही.

असं करणारा तो 'घासू'. मुलगी असली तरी 'घासू'च, रूप बदलत नाही. जवळच्या मित्रात हे चालतं, नवख्याला टोचतं. त्याला 'स्कॉलर' म्हणा. पण सूर लांबवून 'स्कॉऽलर' म्हटलंत तर तोही टोमणाच. मनापासून कौतुक करायचं असेल तर 'अभ्यासू' म्हणावं, पालकांसमोर तर हेच.

'रट्टा मारणे' मात्र वेगळं. त्यात मेहनत आहे, समज नाही. नवे लोक इथेच चुकतात: समजून, गणितं सोडवत रात्र काढलेल्याला 'रट्टा मारलास का' विचारलं की त्याच्या मेहनतीचा अपमान होतो, आणि तो रास्तच दुखावतो. घरची वडीलधारी मंडळी रट्टा मारण्यालाच 'घोकंपट्टी' म्हणतात.

पेपर छान गेला की पोरं 'फोडला' म्हणतात. घरी 'पेपर फोडला' म्हणू नका, परीक्षेआधीच बाहेर काढला असा अर्थ निघतो.