कपाटासाठी हप्ते घ्यावेत की फळ्या स्वतःच बसवाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाड्याचं घर, लहान बेडरूम, भिंतीतलं एकच कपाट आणि त्यात दोघांचे कपडे. एक दुकानदार आतली सगळी मांडणी नव्याने करून द्यायला तयार आहे. एकरकमी दिले तर 10 टक्के सूट, नाहीतर ‘बिनव्याजी’ 12 हप्ते. मिस्टर म्हणतात, फळ्या-रॉड आपणच बसवू. हाताशी शिल्लक आहे तीन महिन्यांच्या खर्चाएवढी.

हप्ते घेऊ नका आणि शिल्लकही मोडू नका. काम स्वतःच करा, पण टप्प्याटप्प्याने.

आधी त्या ‘बिनव्याजी’चा हिशोब. एकरकमी किंमत 90 आणि हप्त्यांची बेरीज 100, तर वरचे 10 हे व्याजच झालं. 90 वर 10 म्हणजे साधारण 11 टक्के, असं वाटेल. पण ते 90 वर्षभर तुमच्याकडे राहतात कुठे? दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, त्यामुळे वर्षभराची सरासरी काढली तर निम्म्याच्या आसपास रक्कम वापरायला मिळते. खरा दर वर्षाला जवळजवळ 20 टक्के पडतो. प्रोसेसिंग फी असली तर त्याहून जास्त. आणि भिंतीला पक्कं बसवलेलं काम घर सोडताना बहुधा तिथेच राहतं.

एकरकमी द्यायचं तर शिल्लक मोडावी लागेल. तीन महिन्यांचा खर्च ही मुळातच बेताची गंगाजळी आहे, तिला कपाटासाठी हात लावू नये असं मला मनापासून वाटतं.

आता घरच्या घरी करायचं काम. त्यातही पैसे वाया जातात, आणि बहुतेक वेळा ते सुरुवातीलाच जातात: कपाट रिकामं करण्याआधीच डबे, टोपल्या, ऑर्गनायझर घरी येतात. आधी सगळं बाहेर काढा. वर्षभरात अंगाला न लागलेले कपडे वेगळे करा (सणासमारंभाचे आणि थंडीचे सोडून), मग मेजरिंग टेप घ्या. रॉड जमिनीपासून 170 सेंटीमीटरवर असेल आणि शर्ट हँगरसकट 100 सेंटीमीटर लोंबत असेल, तर खाली 70 सेंटीमीटर जागा नुसती पडून आहे. रॉड थोडा वर घेता आला तर त्याच्याच आधाराने खाली दुसरा लटकता रॉड अडकवता येतो. या लटकत्या रॉडसाठी भिंतीला भोक पाडावं लागत नाही, घरमालकाची परवानगी लागत नाही, आणि घर बदलताना तो बरोबर नेता येतो. तुमच्या कपाटात सर्वांत जास्त फायदा यातून होईल, म्हणून पहिला खर्च इथेच करा.

फळ्यांच्या बाबतीत लोक जाड आणि महाग प्लाय घेतात, कारण लांब फळी मधे वाकते. वजन तेवढंच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली, तर ती आठपट वाकते. म्हणून जाडी वाढवण्याआधी मधोमध एक उभा आधार द्या, साधी फळीही टिकते. मात्र भिंतीला ओल असेल तर पार्टिकल बोर्ड घेऊ नका, तो फुगतो. खरं तर ओल असेल तर आधी घरमालकाकडून ती दुरुस्त करून घ्या, तोवर कपाटावर काहीच खर्च करू नका.

ड्रिल मशीन विकत घेऊ नका, ओळखीत कुणाकडून मागून आणा. फळ्या दुकानातूनच मापाने कापून घ्या. डोक्याच्या वरच्या उंचीवर जड सामानाची फळी बसवायची असेल तर सुतारालाच बोलवा. तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

रविवारची मेहनत खर्चात धरायची का, असंही तुम्ही विचारलंय. त्या वेळात खरोखरच दुसरी कमाई होणार असेल तरच धरा.

दुकानदाराचा जो हप्ता बसणार होता, तेवढी रक्कम दर महिन्याला बाजूला टाका आणि सामान त्यातूनच आणा. पहिल्या महिन्यात रॉड, दुसऱ्यात फळ्या. मग दोन-तीन महिने कपाट वापरून बघा. तरीही ड्रॉवर हवेच असं वाटलं, तर फक्त ड्रॉवरचा भाव काढा, आणि भिंतीत न बसवता सुटा, उचलून नेता येईल असाच करून घ्या.