भूल देण्याआधी पोटात डोकावताना

ओटीतलं (ऑपरेशन थिएटरमधलं) सोनोग्राफी मशिन आता नर्व्ह ब्लॉकपुरतं, म्हणजे ठरावीक नस बधिर करण्यापुरतं, राहिलेलं नाही. भूलतज्ज्ञांकडून आलेल्या प्रश्नांत या वेळी सर्वाधिक विचारणा जठराच्या सोनोग्राफीची आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : पेशंट रात्रीपासून उपाशी आहे, पण जुना मधुमेह आहे आणि सेमाग्लुटाइडचं (मधुमेह आणि वजनावरचं औषध) आठवड्याचं इंजेक्शन चालू आहे. पोट खरंच रिकामं आहे का, हे कसं ठरवायचं?

अशा पेशंटमध्ये जठराची गती मंदावलेली असते, त्यामुळे नुसते उपासाचे तास मोजून भागत नाही; भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते. २ ते ५ मेगाहर्ट्झचा कर्व्हिलिनियर (गोलसर तोंडाचा) प्रोब घ्या आणि छातीच्या हाडाच्या टोकाखाली उभा धरा, खूण डोक्याकडे. प्रोब हळूहळू डावीउजवीकडे सरकवा. पुढे यकृताचा डावा भाग, मागे स्वादुपिंड आणि खोलवर महाधमनी दिसली की मधला लंबगोल म्हणजे अँट्रम, जठराचा खालचा भाग. महाधमनीऐवजी आयव्हीसी (खालची महाशीर) दिसत असेल तर तुम्ही उजवीकडे गेला आहात.

रिकामं अँट्रम छोटं आणि चपटं असतं, वर्तुळात वर्तुळ असल्यासारखं. पाणी किंवा जठररस असेल तर आत काळं दिसतं आणि भिंती ताणलेल्या असतात. नुकतंच जेवण झालेलं असेल तर पुढची भिंत तेवढी दिसते, तिच्यामागे सगळं घासलेल्या काचेसारखं धुरकट. असं दिसलं की मोजमाप करत बसू नका, पोट भरलेलं आहे. (आणि ‘फक्त अर्धा कप चहा घेतला’ या उत्तरावर विसंबू नका. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, त्याला सहा तास धरायचे.)

खरी चूक द्रवाच्या बाबतीत होते. पेशंट पाठीवर असताना पाहिलं, काही दिसलं नाही, आणि ‘रिकामं’ असा शेरा मारला. पाठीवर असताना द्रव मागे फंडसमध्ये, म्हणजे जठराच्या वरच्या फुगीर भागात, साचतो, म्हणून उजव्या कुशीवर वळवून पुन्हा पाहायलाच हवं. दोन्ही वेळा काही नसेल तर पोट रिकामं. फक्त कुशीवर द्रव दिसला तर सहसा थोडाच असतो. दोन्ही वेळा दिसला तर किलोमागे १.५ मिलीची धोक्याची मर्यादा बहुधा ओलांडलेली असते.

आकडा हवाच असेल तर उजव्या कुशीवर, दोन आकुंचनांच्या मधल्या क्षणी चित्र गोठवा आणि अँट्रमच्या बाहेरच्या आवरणाच्या कडेने रेघ फिरवा. क्षेत्रफळाला (चौ. सेंमी) १४.६ ने गुणा, त्यात २७ मिळवा, वयाची १.२८ पट वजा करा. उत्तर मिलीमध्ये येतं. ४० वर्षांचा, ६० किलोचा पेशंट आणि क्षेत्रफळ १० असेल, तर २७ + १४६ − ५१.२, म्हणजे सुमारे १२२ मिली. किलोमागे २ मिली झालं, धोका आहे. त्याच पेशंटचं क्षेत्रफळ ६ भरलं तर ६३ मिली, किलोमागे एकच्या आसपास. स्लीव्ह किंवा बायपास (वजन कमी करण्याचं ऑपरेशन) झालेल्या जठराला आणि मोठ्या हायटस हर्नियात (जठराचा भाग छातीत सरकलेला असताना) हे गणित लावू नका. पोट भरलेलं निघालं आणि केस थांबण्यासारखी असेल तर पुढे ढकला. नसेल तर रॅपिड सिक्वेन्स (झटपट भूल देऊन लगेच) आणि श्वासनलिकेत ट्यूब, एलएमए (घशात बसणारा मास्क) नाही.

प्रश्न : आयजेव्हीत (मानेतल्या मोठ्या शिरेत) लाइन, म्हणजे औषधाची नळी, टाकताना पडद्यावर सुई शिरेत दिसते, तरी शेजारच्या कॅरोटिड धमनीला टोचलं जातं. असं का?

कारण आडव्या छेदात दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे सुईचं टोक असेलच असं नाही. सुईचा दांडाही तसाच ठिपका देतो, आणि टोक तोवर मागची भिंत ओलांडून गेलेलं असतं. ठिपका नाहीसा होईपर्यंत प्रोब पुढे सरकवा, मग तो पुन्हा उमटेपर्यंत सुई पुढे घ्या. असं आळीपाळीने जा. मान फार वळवू नका, जितकी वळवाल तितकी शीर कॅरोटिडवर चढते. प्रोब हलका धरा, नाहीतर शीरच दाबली जाऊन दिसेनाशी होते.

डायलेटर (वाट रुंद करणारी नळी) घालण्याआधी प्रोब उभा करून सुईतून घातलेली तार शिरेतच आहे ना, हे मानेत जमेल तितकं खालपर्यंत पाहा. ही पायरी घाईत गाळली जाते. कॅरोटिडमध्ये नुसती सुई गेली तर दाबून धरून निभावतं. डायलेटर गेला तर तो ओढून काढू नका, जागेवर ठेवून व्हॅस्क्युलर सर्जनना बोलवा.

प्रश्न : कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) असताना छातीवर प्रोब कशाला?

ट्यूब श्वासनलिकेत आहे एवढं कॅप्नोग्राफ सांगतो, ती उजव्या ब्राँकसमध्ये (उजव्या फुप्फुसाच्या नळीत) घसरली आहे का हे नाही. डावीकडे प्लुरा (फुप्फुसाचं आवरण) सरकत नाही पण हृदयाच्या ठोक्यागणिक थरथरतो, असं दिसलं तर ट्यूब बहुधा खोल गेली आहे. थोडी मागे घ्या आणि पुन्हा पाहा. थरथरही नसेल आणि लंग पॉइंट (सरकणारा आणि न सरकणारा प्लुरा जिथे भेटतो ती जागा) सापडला तर न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साठलेली.

प्रश्न : मी चार-पाच हॉस्पिटलांत केस करतो. खिशात मावणारा प्रोब सोबत नेला तर?

नेऊ नका. पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याच्या) २०१२ च्या नियमदुरुस्तीनुसार पोर्टेबल मशिन नोंदणीकृत आवारात, तिथल्याच आंतररुग्णांसाठी किंवा मोबाइल मेडिकल युनिटमध्येच वापरता येतं. तुम्हाला फक्त नस शोधायची आहे, हा बचाव चालत नाही. महाराष्ट्राने तर असा कायदा १९८८ मध्येच, केंद्राच्या आधी केला होता. हॉस्पिटलचं नोंदणीकृत मशिन वापरा आणि तिथल्या नोंदणीत आपलं नाव चढवण्याबाबत समुचित प्राधिकाऱ्यांकडे आधी विचारा. गरोदर स्त्री असेल तर फॉर्म एफ (तपासणीची नोंद करण्याचा याच कायद्यातला अर्ज) आलाच.

प्रश्न : हॉस्पिटल एकच प्रोब घेणार आहे. कोणता सांगू?

लिनियर (सपाट तोंडाचा). शीर, ब्लॉक, प्लुरा, सगळ्याला चालतो. मोठ्या माणसाचं जठर आणि जाड पाठीतला कणा मात्र त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. लाइन टाकताना निर्जंतुक कव्हरच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे जेल हवं. आत हवेचा बुडबुडा राहिला तर पडदा काळा पडतो. आणि ओटीतल्या मावशींना सांगून ठेवा, प्रोब स्पिरिटने पुसायचा नाही. कंपनीने सांगितलेलंच द्रावण वापरायचं, नाहीतर प्रोबचं तोंड तडकतं.