जुन्या आळीतला पिंपळाचा पार पुन्हा बसण्याजोगा कसा करावा?

पार बुंध्यापर्यंत सिमेंटने लिंपलाय आणि पावसात तिथे तळं होतं, म्हणूनच कोणी बसत नाही. तेव्हा बाकं नंतर, आधी मुळं आणि पाणी मोकळं करा.

बुंध्याभोवतीचं किमान 1 मीटर काँक्रीट छिन्नी-हातोड्यानेच काढा. ब्रेकरने मुळं सोलवटतात आणि जखमेतून कुज शिरते. उघड्या जागेवर पालापाचोळा पसरा, पण बुंध्याला टेकवू नका. मातीची भर तर मुळीच नको, मुळं गुदमरतात.

बाकीच्या जागेतलंही काँक्रीट काढून थोडं खणा आणि तिथे 10 सेंटीमीटर खडी दाबून बसवा, वर 3-4 सेंटीमीटर वाळू आणि त्यावर जांभ्याचे चिरे. जाड मूळ लागलं की तिथे खणणं थांबवा. सांध्यांत सिमेंट नाही, वाळूच. समुद्राची नको, तिच्यातलं मीठ झाडाला बाधतं. उतार गटाराकडे, मीटरला 2 सेंटीमीटर.

कोकणातल्या पावसात सावलीतल्या चिऱ्यावर शेवाळ धरणारच. म्हणून चिऱ्यावरच्या तासणीच्या खुणा तशाच खरबरीत राहू द्या, पॉलिश करू नका. बसायची कड 45 सेंटीमीटर उंच ठेवा, म्हाताऱ्या माणसांना उठताना सोपं जातं.

मेमध्ये चार बादल्या पाणी ओतून बघा. जिथे थांबेल तिथला चिरा उचला, खाली वाळू भरा आणि पुन्हा बसवा.