डाळिंबाने रक्त वाढतं का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी नववीत आहे. हिमोग्लोबिन कमी आल्यामुळे डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. रोज डाळिंब-सफरचंद आणणं परवडत नाही. पेरू चालेल का? सासूबाई म्हणतात, पेरूने खोकला होतो.
– एक वाचक, सांगली

उत्तर : जरूर द्या. डाळिंब लाल म्हणून रक्त वाढतं, असं माझी आईही मानायची. पण 100 ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम 0.3 मिलिग्रॅम, सफरचंदात त्याहूनही कमी. दोन्ही फळं चांगलीच, पण त्यांच्यासाठी पदरमोड करू नका.

लोह बाजरीची भाकरी, मटकी, हरभरे, अळीव यांतून मिळू द्या. धान्य-कडधान्यांतलं लोह शरीर कमी शोषतं, तिथे क जीवनसत्त्व मदतीला येतं. 100 ग्रॅम पेरूत ते 200 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, संत्र्यात साधारण 50. म्हणून पेरू मधल्या वेळी न देता जेवणाबरोबरच द्या, सालीसकट आणि आयत्या वेळी चिरून. गूळ घातलेली पेरूची भाजी माझ्या फार आवडीची, पण शिजवताना क जीवनसत्त्व बरंच जातं.

सर्दी-खोकला बहुधा विषाणूंमुळे होतो. सासूबाईंची काळजी मला समजते. फ्रिजमधला गार पेरू देऊ नका, म्हणजे त्यांनाही बरं वाटेल.

जेवणावर लगेच चहा मात्र नको, त्याने लोह कमी शोषलं जातं. आणि गोळ्या डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत चालूच ठेवा.