आरेच्या पाड्याला ग्रामसभा का नाही?

प्रश्न : आरेतील वारली पाड्यांना मेघालयासारखी स्वायत्तता का मिळत नाही? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : स्वायत्त जिल्हा परिषदा देणारी राज्यघटनेची सहावी अनुसूची आसाम, मेघालय, त्रिपुरा व मिझोराम यांपुरतीच आहे; महाराष्ट्रात पाचवी लागू होते, तीही अधिसूचित (म्हणजे सरकारने आदिवासी म्हणून जाहीर केलेल्या) क्षेत्रातच. म्हणून अशा क्षेत्रात येणाऱ्या पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यातील ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींचा कायदा) गौण वनोपजाची, म्हणजे मध-डिंकासारख्या जंगलातील उत्पन्नाची, मालकी मिळते (राज्याचे नियम मात्र २०१४ मध्ये, तब्बल १८ वर्षांनी आले), पण महापालिका हद्दीतील आरेत, वारलींचा देव असलेला शेंदूर लावलेला वाघोबा असूनही, ग्रामसभाच नाही. राहिला वनात राहणाऱ्यांना जमिनीचे हक्क देणारा २००६ चा वनहक्क कायदा. तो वनजमिनीलाच लागू, आणि आरेला वन ठरवण्याची मागणी उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली होती.