स्कॉटलंडमध्ये सेल्फ-डायरेक्टेड सपोर्ट राबवताना डायरेक्ट पेमेंट घेणाऱ्यांचं प्रमाण कसं वाढवावं?

तुमच्या प्रश्नात लिहिलंय की तुम्ही काउन्सिलच्या अडल्ट टीममध्ये नव्याने सोशल वर्कर म्हणून लागलात आणि मॅनेजरला ऑप्शन १ चा, म्हणजे डायरेक्ट पेमेंट घेणाऱ्यांचा, आकडा वर गेलेला हवाय. मी स्पष्टच सांगते, तो आकडा हे चुकीचं उद्दिष्ट आहे. सेल्फ-डायरेक्टेड सपोर्ट म्हणजे काळजीसाठी काउन्सिलकडून मिळणारं बजेट कसं वापरायचं हे माणसाने स्वतः ठरवणं. त्याचा २०१३ चा कायदा १ एप्रिल २०१४ ला लागू झाला तेव्हा त्यात चार पर्याय एका पातळीवर ठेवले होते: ऑप्शन १ म्हणजे डायरेक्ट पेमेंट, पैसे माणसाच्या हातात; ऑप्शन २ मध्ये निवड माणसाची, व्यवस्था काउन्सिलची; ऑप्शन ३ मध्ये सेवा काउन्सिल लावून देतं; ऑप्शन ४ म्हणजे यांचं मिश्रण. डायरेक्ट पेमेंट वरच्या पायरीवर आणि काउन्सिलने लावून दिलेली सेवा खालच्या, अशी उतरंड त्यात नाही. सगळं नीट समजून घेऊन कुणी ऑप्शन ३ घेतला, तर तोही स्वतःचा निर्णयच.

खरी पडझड ऑप्शन २ मध्ये आहे, आणि त्याबद्दल मी वर्षानुवर्षं भांडत आलेय. कायद्यात तो अगदी साधा आहे. आधार कोणाकडून आणि कसा घ्यायचा ते माणूस ठरवतो. व्यवस्था आणि पैसे चुकते करणं काउन्सिलकडे राहतं, पैसे हवं तर प्रोव्हायडरकडे (सेवा देणाऱ्या संस्थेकडे) ठेवता येतात. ज्याला पगारपत्रकं आणि मालक होण्याची कटकट नको, पण घरात कोण येणार आणि कधी येणार हे स्वतः ठरवायचंय, त्याच्यासाठी तो आहे. म्हणजे बहुतेक सगळ्यांसाठी.

बऱ्याच ठिकाणी त्याचं काय होतं? खरेदी विभाग म्हणतो, निवड करा, पण फ्रेमवर्कवरच्याच, म्हणजे काउन्सिलच्या मान्य यादीतल्याच, प्रोव्हायडरांतून. करार ऑप्शन ३ चाच, फक्त वरचं शीर्षक बदललेलं. बिल मिनिटांवर. कर्मचारी फोन किंवा टॅगने हजेरी लावतो आणि ४५ मिनिटांची भेट ३८ मिनिटांत आटपली तर ३८ मिनिटांचेच पैसे निघतात. तिथेच ऑप्शन २ मरतो, कारण वाचलेली सात मिनिटं त्या माणसाच्या खात्यात जमा होत नाहीत, काउन्सिलकडे परत जातात. वाचवलेलं आपलं राहणार नसेल तर ठरवायला उरलं काय?

आकड्यांत बघा. आठवड्याला २८० पौंड, म्हणजे वर्षाला १४,५६० पौंडांचं बजेट आहे. हिशोब सोपा व्हावा म्हणून प्रोव्हायडरचा दर तासाला २० पौंड धरू. आठवड्याला १४ तास झाले. बहीण राहायला आलेली असताना किंवा तब्येत बरी असताना दहा आठवडे १२ तासांत भागलं, तर २० तास, म्हणजे ४०० पौंड शिल्लक राहतात. त्यात एखादा शनिवार-रविवार सोबत घेऊन फोर्ट विल्यमला शिंटीचा (हॉकीसारख्या स्कॉटिश खेळाचा) सामना बघून येता येतं. बजेटमध्ये एक पेनी वाढली नाही, आणि आयुष्य मात्र वेगळं झालं. मिनिटांच्या बिलात हे कधीच होणार नाही.

म्हणून सुरुवात फायनान्सकडून करा, फॉर्मपासून नको. प्रोव्हायडरला दर चार आठवड्यांनी १,१२० पौंड ठोक द्या, वर्षाला तेरा हप्ते. हजेरीची नोंद सुरक्षिततेसाठी राहू दे, पण बिलाशी तिची गाठ नको. मग माणूस, प्रोव्हायडर आणि काउन्सिल असा तिघांचा करार करा, दोन पानांचा, सोप्या भाषेत. वर्षाची रक्कम, तासाचा दर आणि त्यात काय काय धरलंय, शिल्लक तास किती काळ राहतील, दर तीन महिन्यांनी जमाखर्च त्या माणसाच्या हातात कोण देणार आणि प्रोव्हायडर बदलायचा तर नोटीस किती, हे सगळं त्यात हवं. दहा टक्क्यांपर्यंतचे, म्हणजे इथे १,४५६ पौंडांपर्यंतचे फेरफार कुणालाही न विचारता करता येतील, हे वाक्य त्यात असायलाच हवं. ते नसेल तर मंगळवारची भेट गुरुवारी न्यायलाही काउन्सिलच्या मंजुरी देणाऱ्या पॅनेलपुढे जावं लागतं. चार आठवड्यांची रक्कम आजारपणासाठी राखीव ठेवा, आणि ती 'न वापरलेली' म्हणून वर्षअखेरीस ओढून घेऊ नका.

रक्कम आधी सांगा. प्रत्येक पर्यायाखाली किती पैसे आणि किती काळासाठी, हे निवडीच्या आधी सांगणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तरीही कित्येकांना आकडा पहिल्यांदा दिसतो तो सगळं ठरून गेल्यावर. आणि "काय हवंय?" असं विचारू नका. उत्तर येतं, "सकाळी अंघोळीला कुणीतरी." चांगला दिवस कसा जातो, वाईट दिवस कशाने वाईट होतो, कोणती गोष्ट सुटली तर जीवाला लागेल, हे विचारा.

आता तुमचा ऑप्शन १. लोक घेतात आणि वर्षभरात सोडतात, त्याचं मोठं कारण पहिल्याच दिवशीचा चुकीचा भागाकार. काळजीच्या कामासाठी स्कॉटलंडमध्ये ठरलेला एप्रिल २०२५ चा तासाला १२.६० पौंडांचा दर धरून २८० ला भागलं की २२ तास दिसतात. पण पर्सनल असिस्टंटला (पीए, म्हणजे डायरेक्ट पेमेंटमधून माणूस स्वतः नेमतो तो मदतनीस) वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा आहे. त्या रजेत बदली माणूस लावायचा तर तासाचा खर्च १४.१२ पौंडांवर जातो आणि तास २० च्याही खाली येतात. शिवाय किमान ५० लाख पौंडांचा एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा, पेरोलचं काम, प्रशिक्षण. १८ तासांवर योजना आखा. वर्षाचा पगार १०,००० पौंडांच्या वर गेला आणि वय बसत असलं तर पेन्शनमध्ये नाव घालावं लागतं, मालकाचे ३ टक्के. दोघांना नऊ-नऊ तास दिले तर ती मर्यादा गाठली जात नाही आणि एक आजारी पडली तर दुसरी असते. मालकाने भरायच्या नॅशनल इन्शुरन्सवरची सूट, म्हणजे एम्प्लॉयमेंट अलाउन्स, मागितल्याशिवाय मिळत नाही, पेरोलवाल्यांना आठवण करा. दोन वर्षांनी रिडंडन्सीचा, म्हणजे काम संपलं तर भरपाईचा, हक्क लागतो. तो पैसा कुठून येणार ते काउन्सिलने आधीच लेखी द्यावं, नाहीतर व्हीलचेअरवरच्या माणसाच्या गळ्यात देणं पडतं.

हे शहरांपुरतं सोपं आहे हेही सांगायला हवं. बेटांवर आणि हायलँडच्या आतल्या भागात एकच प्रोव्हायडर असतो, कधी तोही नसतो. तिथे ऑप्शन २ कागदावर राहतो आणि शेजारच्या बाईला पीए म्हणून नेमणं हाच खरा मार्ग असतो, म्हणून तिथे ऑप्शन १ चा आग्रह मला पटतो. ज्यांना निर्णय घेणं शक्य नाही, त्यांच्यासाठी गार्डियन किंवा पॉवर ऑफ अटर्नी कोणाकडे आहे ते आधी बघा. आणि डायरेक्ट पेमेंट नाकारायची वेळ आली तर कारण लेखी द्या, त्याबरोबर उरलेले पर्यायही त्याच भेटीत समजावून सांगा, पुढच्या रिव्ह्यूची वाट बघू नका.