बालसुधारगृह, निरीक्षणगृह आणि रिमांड होम

प्रश्न असा आहे: हे तिन्ही शब्द एकाच जागेचे आहेत का, आणि लिहिताना कोणता वापरावा?

जागा एक नाही; बातम्यांनी ती एक करून टाकली आहे. 'चोरीप्रकरणी ताब्यात घेतलेल्या मुलाची बालसुधारगृहात रवानगी' असले मथळे नेहमीचेच. पण त्या पोरानं काही केलंय की नाही हेच अजून ठरायचंय, तर सुधारणा कसली करणार? बाल न्याय मंडळापुढे चौकशी चालू असते तोवर मुलाला ठेवतात ते निरीक्षणगृह. गुन्हा केल्याचं चौकशीत ठरलं, तर मंडळ पाठवतं ते विशेषगृह, तेही जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी. शाळा, हातचं एखादं काम, समुपदेशन हा सगळा खटाटोप तिथला मुख्य. त्यामुळे 'सुधारगृह' म्हणायचंच झालं तर ते यालाच शोभेल. ('रवानगी'लाही तुरुंगाचाच वास आहे, पण ते असो.)

२०१५च्या बाल न्याय कायद्यात आणखी एक जागा आहे: 'सुरक्षित ठिकाण'. नाव ऐकून पूर आल्यावर लोकांना हलवतात ती जागा वाटावी. प्रत्यक्षात १६ ते १८ वयात अतिगंभीर गुन्ह्यात सापडलेल्यांना तिथे ठेवतात. बालगृह मात्र या सगळ्यापासून वेगळं. अनाथ, हरवलेल्या, टाकून दिलेल्या मुलांना बालकल्याण समिती तिथे पाठवते. त्यालाही सरसकट 'सुधारगृह' म्हणणारे आहेत, आणि मग काहीही न केलेल्या मुलाच्या कपाळी शिक्का बसतो.

'रिमांड होम' हा जुन्या काळातला शब्द. १९८६च्या केंद्रीय कायद्यातही निरीक्षणगृहच आहे, तरी आई-बापांच्या धमकीत 'रिमांड होममध्ये टाकीन' अजून टिकून आहे. गंमत म्हणजे बाल न्यायाच्या २००७च्या नियमांनी गुन्ह्याचा आळ आलेल्या मुलांच्या कामकाजात जे शब्द वापरायला मनाई केली, त्यांत अटक, आरोपी, वॉरंट, तुरुंग यांच्या जोडीला 'रिमांड'ही होता. त्यामुळे 'विधिसंघर्षित (म्हणजे कायद्याशी संघर्षात आलेल्या) बालकास अटक' ही पोलिसी बातमीतली ओळ एका शब्दात नियम पाळते आणि पुढच्याच शब्दात मोडते.

त्या 'विधिसंघर्षित'बद्दलही थोडं. मूळ सरकारी शब्द 'विधिसंघर्षग्रस्त'. उच्चारायला अवजड आहे खरा, पण त्यातला 'ग्रस्त' मला मोलाचा वाटतो. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त म्हणतो तेव्हा संकट त्या माणसावर येऊन कोसळलेलं असतं. 'संघर्षित' केलं की तो अर्थ गळतो. लिहिताना 'विधि' ऱ्हस्वच ठेवावा. सुटा 'विधी' दीर्घ, पण समासात पहिलं पद असताना ऱ्हस्व. बोलताना एवढं जड नको असेल तर 'कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं मूल' म्हणावं, 'ग्रस्त'चा अर्थ त्यात पुरता उतरतो.